आधी पाणी, मग सातबारा

"ताई, काळू टाकीतलं पाणीच पिईना," मावशी म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं. आमचा कुत्रा काळू टाकीपाशी जायचा, हुंगायचा, मागं फिरायचा. पावसाच्या डबक्यातलं मात्र लपालपा प्यायचा. पाण्याच्या जर्मनच्या पातेल्याला आतून पांढरी पुटं चढलेली, तीही रोज डोळ्यांसमोर होती.

जनावरं सांभाळायचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. शहरात पांजरापोळ नावाचा चौकच आहे. आम्ही जिल्ह्यातल्या एका लहान शहराबाहेर, जखमी कुत्री आणि भाकड गायींसाठी निवारा काढला होता. जागा जुन्या कचरा डेपोला लागून. भाडं नावापुरतं, भुंकण्याची तक्रार करायला लगत शेजार नाही. सातबारा पाहिला, करार वकिलांना दाखवला. पाणी तेवढं तपासायचं राहिलं.

वर काळी माती, खाली मुरूम आणि भेगाळलेला खडक. कचऱ्यातून झिरपलेलं पाणी त्या भेगांतून बोअरला येणार, हे कळायला दोन गायी गमवाव्या लागल्या. रक्त तपकिरी निघालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पाजता?" अहवालात नायट्रेट निघालं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आमचं कितीतरी वर. गायीच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही.

स्थलांतरासाठी नगरपालिकेकडे निधी मागितला. सभेत एक सदस्य म्हणाले, "माणसांना पाचव्या दिवशी पाणी, आणि कुत्र्यांसाठी लाखो?" राग आला, पण प्रश्न रास्त होता. आमच्या हातात नुसते फोटो. अधिकाऱ्यांनी एका वाक्यात मिटवलं, "याला अंदाजपत्रकात हेडच नाही." विषय दोनदा तहकूब झाला. तिसऱ्या सभेला आम्ही शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीचाही अहवाल नेला. तिथं माणसंच पाणी पीत होती. त्या दिवशी कुत्र्यांवर कुणी विनोद केला नाही. तातडीनं टँकर मिळाला, आणि कुंपण-शेडपुरता निधी पुढच्या अंदाजपत्रकात धरला गेला.

निवारा काढणाऱ्यांनी एवढं करावं:

1. जागा ठरवण्याआधी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा.

2. डेपोपासूनचं अंतर मोजा. 2016 च्या घनकचरा नियमांनी भरावभूमी वस्तीपासून आणि पाण्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर ठेवायला सांगितली. तोच हिशोब आपल्यालाही लावा.

3. निधी मागताना कुंपण, शेड, पाणी, वाहतूक यांचा वेगवेगळा खर्च लिहा. एकरकमी आकडा दिसला की सभागृह बिचकतं.

4. अर्ज दिवाळीच्या सुमारास द्या. मार्चमध्ये गेलात तर पुढचं वर्ष उजाडतं.

5. जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीला सोबत घ्या. तिच्या निवाऱ्यासाठी जागा देण्याची जबाबदारी 2001 च्या नियमांनी राज्य शासनावर टाकली आहे.

6. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करून घ्या. दुःखात ते राहून जातं, आणि पुरावाही त्याच्यासोबतच पुरला जातो.

नव्या जागेवर आम्ही आधी बोअरचा अहवाल मागवला, मग काळूपुढं पातेलं ठेवलं. त्यानं तळ चाटून काढला. करारावर सही त्यानंतरच केली.