मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या : आईबापांनी व शिक्षकांनी काय जाणावे

“मुलाची एकदा मानसिक चाचणी करून घ्या,” असा निरोप शाळेतून आला की पुष्कळ आईबापांच्या पोटात गोळा येतो. आपले लेकरू आता मंदबुद्धीचे ठरणार, अशी धास्ती वाटते. काही घरी ह्याच्या उलट घडते. बुद्ध्यंक १२८ आला म्हणून पेढे वाटले जातात आणि त्या आकड्याचे ओझे पुढे दहा वर्षे मूल वाहते. चाचणी म्हणजे मुलाची किंमत ठरवणारा तराजू, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे. मंडळीतील आईबापांनी व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी ही समजूत आधी बाजूला ठेवावी, म्हणून हा लेख.

ज्याने ही चाचणी प्रथम तयार केली, त्याचा हेतू निराळा होता. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळ्या शिकवणीची गरज आहे, हे तिला ठरवायचे होते. तोवर हे शिक्षकाच्या मर्जीवर चाले, आणि खोडकर किंवा अबोल मूल सहज ‘मंद’ ठरे. आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारे तीस प्रश्न व कृती रचल्या. बुद्धी जन्मतःच ठरलेली असून वाढतच नाही, हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष व स्मरण वाढवणारे व्यायामही सुचवले. १९११ मध्ये ते वारले, आणि त्यांचे साधन दुसऱ्यांच्या हाती गेले.

पुढे अमेरिकेत काय झाले ते वाचून मन सुन्न होते. व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाची एक गरीब मुलगी परक्या कुटुंबात वाढत होती. शाळेत ती पास होत असे, तरी त्या कुटुंबाने तिची शाळा सोडवली. तिच्यावर अत्याचार झाला, दिवस राहिले, आणि लाज झाकण्यासाठी तिलाच ‘दुर्बलबुद्धी’ म्हणून सरकारी संस्थेत पाठवण्यात आले. बिने यांच्या चाचणीच्या अमेरिकी आवृत्तीप्रमाणे तिचे मानसिक वय नऊ वर्षे ठरवले गेले. तिची आई त्याच संस्थेत होती. तिची अवघ्या काही महिन्यांची मुलगी व्हिव्हियन, तिच्याकडे नुसते पाहून हिच्यातही काही कमी आहे अशी साक्ष देण्यात आली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला आणि कॅरीवर सक्तीने संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन शाळेत गेली तेव्हा, १९३१ मध्ये, तिचे नाव गुणवंत मुलांच्या यादीत लागले होते! पुढच्याच वर्षी, वयाच्या आठव्या वर्षी, ती आजाराने वारली.

म्हणून चाचण्या टाकाऊ आहेत असे मात्र नव्हे. त्या कशा घेतल्या जातात व कशासाठी वापरल्या जातात, हे पाहावे.

आपल्या भागाशी ह्या विषयाचा जवळचा संबंध आहे. बिने यांची चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कानडी व मराठी मुलांसाठी बसवून घेतली. ‘बिने-कामत चाचणी’ ह्या नावाने ती पुष्कळांना ठाऊक आहे. नागपूरचे डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये दुसऱ्या एका चाचणीचे भारतीय रूप केले, त्यात मराठीही आहे. वडोद्याच्या डॉ. प्रमिला फाटक यांनी ‘माणसाचे चित्र काढ’ ही चाचणी आपल्याकडील मुलांसाठी तयार केली. तिच्यात चित्र सुंदर आहे की नाही ह्याला गुण नाहीत. मान, बोटे, कान अशा गोष्टी मुलाच्या ध्यानात आल्या का, हे मोजतात. (वाचणाऱ्या शिक्षकांनी घरी हा प्रयोग करून मुलांना गुण देत बसू नये, ही विनंती.)

हे एवढे श्रम कशाला? तर घरी मराठी, गल्लीत कानडी किंवा तेलुगू आणि शाळेत इंग्रजी, असे आपले मूल असते. त्याला परभाषेत शब्दांचे अर्थ विचारले तर मोजली जाते ती भाषा. तेव्हा चाचणी कोणत्या भाषेत घेणार, हे आईबापांनी निःसंकोच विचारावे.

बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरतात, आणि शंभरातली सुमारे अडुसष्ट मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. आकडा काटेकोर नसतो. झोप, भूक, ताप, भीती ह्यांनी तो खालीवर होतो. कान व डोळे आधी तपासलेले असावेत. ऐकू कमी येणारे मूल मंद म्हणून वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसवले जाते, हे आजही घडते. वागणुकीच्या चाचण्यांत आईबाप व शिक्षक ह्यांच्याकडून वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून घेतात, कारण घरी शांत असलेले मूल वर्गात तसेच असते असे नाही. दहावीनंतरची कलचाचणी आवड सांगते, कुवत नव्हे.

रविवारच्या शाळेत एक गोष्ट चटकन दिसते. एखादा मुलगा सुवर्णवचन ऐकून दोनदा म्हटले की पाठ करतो, गोष्ट सांगतो, पण पुस्तक हाती दिले की अक्षरे चुकवतो, घाम फुटतो. त्याला आळशी म्हणू नये व सर्वांसमोर वाचावयास लावू नये. ही वाचनाची अडचण असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असल्यास परीक्षा मंडळे जादा वेळ वा लेखनिक देतात. निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे. आईबापांना एकांतात, प्रेमाने सांगणे हे आहे. बेळगावकडील लोकांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ पडते. बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून सिकंदराबादेस आहे.

चाचणीला जाताना मुलाच्या जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके व चष्मा असल्यास तो बरोबर न्यावा. “तुझी परीक्षा आहे” असे न म्हणता, “तुला कशात मदत हवी ते पाहणार आहेत” असे सांगावे. ते खरेही आहे. मागाहून अहवाल लेखी मागावा, आणि नुसता आकडा न ऐकता, मुलाला काय चांगले येते व उद्यापासून घरी आणि शाळेत काय करावयाचे, हे तपासणाऱ्याकडून समजून घेतल्याशिवाय उठू नये.