खेळातील कपट आणि स्वतंत्र चौकशी

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मग जी संस्था सरकारच्या पैशावर चालते, तिच्या हातून निःपक्षपाती चौकशी कशी व्हावी, अशी शंका विद्यार्थ्यांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर एका सायकलस्वाराच्या हकीकतीत सापडते.

अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगने ‘टूर द फ्रान्स’ ही फ्रान्समधील विख्यात सायकलशर्यत १९९९ ते २००५ या काळात लागोपाठ सात वेळा जिंकली. तो शक्तिवर्धक निषिद्ध द्रव्ये घेतो, असा बोभाटा होता. परंतु आपण प्रत्येक तपासणीतून निर्दोष सुटलो, असे तो ठासून सांगे. १९९९ साली क्रिस्तोफ बासों या फ्रेंच स्वाराने अशा द्रव्यांविरुद्ध उघड लिहिले, तेव्हा आर्मस्ट्राँगने त्यास भर शर्यतीत दटावले. एकाकी पडलेला बासों शर्यत अर्धवट सोडून गेला.

केवळ नमुन्यांच्या तपासणीस चतुर मनुष्य चकवितो. यास्तव साक्षीपुरावा गोळा करणारी स्वतंत्र संस्था हवी, आणि तीस द्रव्यबळही हवे. अमेरिकेत अशी संस्था २००० साली सुरू झाली. ती सरकारी खाते नव्हे. तथापि तिच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी अनुदानातून भागतो. २०१२ च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलांनी आर्मस्ट्राँगविषयीचा तपास आरोप न ठेवताच बंद केला. म्हणीप्रमाणे पाहता या संस्थेनेही स्वस्थ बसावयाचे; पण ती बसली नाही. तिने २६ जणांच्या साक्षी मिळविल्या. त्यांत आर्मस्ट्राँगचे ११ सहकारी स्वार होते. त्याच वर्षी त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने स्वमुखाने अपराध कबूल केला.

आपल्या देशातही अशी राष्ट्रीय संस्था २००५ साली स्थापन झाली. २०२२ साली संसदेने तीस कायद्याचा आधार दिला, व २०२५ च्या दुरुस्तीने तिच्या कारभाराच्या स्वातंत्र्याची तरतूद केली.

तात्पर्य, सरकारने हात सैल सोडावा, पण चौकशी करणाऱ्याचा हात धरू नये. सत्य उजेडात येण्यास येथे तेरा वर्षे लागली; बासोंला त्याची शर्यत काही परत मिळाली नाही. विलंबाने मिळालेला न्याय प्रामाणिक खेळाडूस अपुराच पडतो, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.