पास्कलचा नियम आणि मांजरसुंब्याची उतरण

चौसाळ्याहून बीडकडे जाताना मांजरसुंबा मागे पडले की बालाघाटाची उतरण लागते. आमच्या शाळेतील कित्येक मुले वडिलांच्या मोटारसायकलवर बसून ती उतरतात. गाडी जुनी असली, की "पुढचा ब्रेक नावालाच आहे, आम्ही मागचाच दाबतो" असे पालक निर्धास्तपणे सांगतात. हे ऐकून आम्हांस भय वाटते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढील चाकावर झुकतो व मागील चाक हलके होते. हलके चाक आवळले असता ते घसरते. म्हणून थांबविण्याचे मुख्य काम पुढच्याच ब्रेकचे होय.

पुढील चाकास डिस्क ब्रेक ही मूळची चैन होती. होंडा कंपनीने 1969 साली आपल्या 750 सीसी गाडीस तो बसविला. जपानातील यामाहा आरडी 350 लाही तो होता; परंतु तीच गाडी 1983 साली राजदूत 350 या नावाने आपल्याकडे आली, तेव्हा डिस्क जाऊन ड्रम आला! पुढे 1999 ची सीबीझेड व 2001 ची पुण्याच्या बजाजची पल्सर यांच्याबरोबर डिस्क आपल्या रस्त्यांवर रुळली. त्या काळच्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

डिस्क ब्रेकचे सारे रहस्य आपल्या पाठ्यपुस्तकातील पास्कलच्या नियमात आहे. (हा पास्कल गणिती होता तसाच मोठा धर्मचिंतकही होता.) कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. समजा, मुठीजवळील मास्टर सिलिंडरचा दट्ट्या 14 मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळील कॅलिपरचा 42 मिलिमीटरचा आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. अर्थात जोरही नऊपट.

आता विद्यार्थ्यांस एक प्रश्न. ब्रेक मंद आहे म्हणून 16 मिलिमीटरचा मोठा मास्टर सिलिंडर बसविला, तर काय होईल? बहुतेक वर्ग "ब्रेक वाढेल" असे उत्तर देतो. गणित करून पाहा : 42 भागिले 16, त्याचा वर्ग, उत्तर सातपटीहूनही किंचित कमी. मूठ दगडासारखी घट्ट लागते, मालक खूश होतो आणि गाडी मात्र पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. उलट 12 मिलिमीटरचा बसविल्यास जोर सव्वाबारापट होतो. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. मूठ त्याच प्रमाणात अधिक आत ओढावी लागते. ती हँडलला टेकू लागली, तर तो बदल निरुपयोगी, किंबहुना घातक समजावा.

तथापि आमच्या मते सुटे भाग बदलण्यापूर्वी स्वच्छता करावी. बहुधा दोष तेथेच सापडतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकतात, मग एकच पॅड काम करतो. दट्ट्याही मळाने जखडतो. पॅडला तेल लागले असल्यास तो पुसून भागत नाही, नवाच घालावा. जुन्या पॅडच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतात, पण ते इंजिनाचे तेल नव्हे. इंजिनाचे तेल घातल्यास रबरी सील फुगून नासतात. डॉट 3 जातीचे कोरे ऑइल निदान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. परंतु ते हवेतील ओल शोषते, आणि शेकडा चारांहूनही कमी पाणी मिसळले तरी ही मर्यादा 140 च्या आसपास उतरते. लांब उतारावर ब्रेक तापतो, आतल्या आत वाफ होते, वाफ दबते आणि मूठ एकाएकी पोकळ लागते. यास्तव दर दोन वर्षांनी ते बदलून हवा पूर्ण काढावी. वीस वर्षांची रबरी नळी दाबाने फुगते व आपला जोर गिळते. तिच्याऐवजी पोलादी तारेच्या विणीची नळी घालण्यात पैसा वाया जात नाही.

हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावे. नवे पॅड आरंभी नीट धरत नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कोणासही न बसविता, हळू वेगात वीसपंचवीस वेळा ब्रेक लावून ते बसवून घ्यावेत. मूठ प्रत्येक वेळी त्याच जागी घट्ट होत असेल, तरच गाडी घाटाकडे न्यावी.