ब्लॉगचं पहिलं पान : आपल्या हातचं, आपल्या नावानं



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर एका ताईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे वाचा." वाचलं. नागलीच्या पापडाची कृती होती. "शब्द न् शब्द माझा आहे. उन्हाळ्यात मीच आपल्या ग्रुपवर टाकली होती. आता पाच-सहा ग्रुप फिरून माझ्याकडंच परत आली, आणि खाली नाव दुसऱ्याच कुणाचं!" बाकीच्या बाया हसल्या. ताई पण हसल्या, पण मग म्हणाल्या, "माझी आहे हे आता मी सांगू तरी कशावरून?"

माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. घरी येऊन विचार केला, आणि या अंकाचा धडा त्यातूनच निघाला. आज आपण ब्लॉग म्हणजे काय आणि तो पहिल्यांदा कसा सुरू करायचा, ते शिकू या. घाबरू नका. ज्या ताई व्हॉट्सअॅप वापरतात, त्यांना हे जमतं.

ब्लॉग म्हणजे काय?

आपल्या गटाची इतिवृत्ताची वही डोळ्यापुढे आणा. प्रत्येक बैठकीला नवं पान. वर तारीख, खाली काय ठरलं ते, शेवटी सह्या. दोन वर्षांनी कुणी विचारलं की "हे कधी ठरलं होतं?", तर आपण पान उघडून दाखवतो. भांडण तिथंच मिटतं.

ब्लॉग म्हणजे अशीच एक वही, फक्त ती इंटरनेटवर असते. प्रत्येक नोंदीवर तारीख येते, लिहिणाऱ्याचं नाव येतं. नवी नोंद सगळ्यात वर दिसते, जुन्या खाली सरकतात. आणि या वहीला घराच्या पत्त्यासारखा कायमचा एक पत्ता असतो. तो पत्ता कुणालाही पाठवता येतो. नाशिकची गिऱ्हाईक असो नाहीतर मुंबईची भाची, ती पत्त्यावर बोट ठेवते आणि तुमचं पान उघडतं. एका नोंदीला 'पोस्ट' म्हणतात. ब्लॉगला मराठीत 'अनुदिनी' किंवा 'जालनिशी' असेही शब्द आहेत, पण बोलताना आपण ब्लॉगच म्हणू.

मग व्हॉट्सअॅपमध्ये आणि यात फरक काय? व्हॉट्सअॅपवर टाकलेलं म्हणजे बाजारात मारलेली हाक. ऐकली त्यानं ऐकली, पुढं कुणी कशी सांगितली ते आपल्या हातात नाही. ब्लॉगवर लिहिलेलं एका जागी राहतं. तिथूनही कुणी चोरणार नाही असं मी म्हणत नाही. चोरेल. पण मग आपण पत्ता आणि तारीख दाखवू शकतो. ताईंच्या "कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

"पण आम्हाला कुठं लिहिता येतं?"

हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकते. म्हणून दोन बायकांची आठवण करून देते.

मुक्ता साळवे ही सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपासची होती. तिनं लिहिलं, ते छापलं गेलं, म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळतं.

दुसऱ्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या ओव्या रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्या ओव्या उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं. उतरवून घेणारं कुणी नसतं तर? जात्यावर गाणाऱ्या अशा किती बाया होऊन गेल्या असतील, ज्यांचं कुणीच काही उतरवलं नाही.

आज उतरवून घ्यायला मोबाइल आहे. लिहिता येत नसेल तर बोला, मोबाइल लिहितो. कसं, ते पुढे सांगते.

काय लिहायचं?

सोपी खूण सांगते. लोक तुमच्या दारात येऊन काय विचारतात? कुणाला शेळीच्या करडांचं विचारायचं असतं, कुणाला लोणचं का बुरसटलं ते, कुणाला बँकेत गटाचं खातं काढायला कोणती कागदं लागतात ते. जे लोक तुम्हाला विचारतात, तो तुमचा विषय.

आता माझीच फजिती ऐका. मी समाजकार्याची पदवी घेतलेली. पापडावर पहिलं लिखाण मीच करून पाहिलं. लिहिलं काय, तर "नागली हे अत्यंत पौष्टिक धान्य असून त्यात भरपूर कॅल्शियम असते." खरं आहे, पण हे तर शाळेच्या पुस्तकातही असतं. मग त्या ताईंना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "पाण्याला उकळी आली की मीठ, पापडखार, जिरं, तीळ टाकायचं, मग पीठ. झाकण ठेवून वाफ द्यायची. आणि उकड गरम असतानाच मळायची. हात भाजतो म्हणून थांबलात तर पापडाच्या कडा फाटल्या समजा."

बघा, कडा का फाटतात हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. ज्या बाईचे पापड फाटत असतील, तिला कॅल्शियमचं काही पडलेलं नाही. तिला हे एक वाक्य पाहिजे. तुमच्या ब्लॉगमध्ये असं एक तरी वाक्य हवं, जे काम केलेल्या बाईलाच माहीत असतं.

ब्लॉग सुरू करायच्या पायऱ्या

यासाठी मी 'ब्लॉगर' ही सेवा सांगते. ती १९९९ साली सुरू झाली, २००३ पासून गुगलकडे आहे, आणि फुकट आहे. सुरू करायला कुणालाही एक रुपया द्यायचा नाही.

१. तुमच्या मोबाइलमध्ये प्ले स्टोअर चालतं, म्हणजे त्यात गुगलचं खातं आहे. तो ईमेल आणि पासवर्ड नेमका कुणाचा आहे, ते आधी बघा. पुष्कळ वेळा मुलानं किंवा दुकानदारानं आपल्या मनानं काढून दिलेला असतो. तसं असेल तर स्वतःचं नवं खातं काढा आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. घर आपलं आणि चावी दुसऱ्याकडे, असं नको.

२. क्रोम उघडून 'ब्लॉगर डॉट कॉम' इंग्रजीत टाका आणि आपल्या खात्यानं आत जा.

३. ब्लॉगचं नाव विचारेल. ते मराठीत चालतं. साधं ठेवा, कामाचं ठेवा.

४. मग पत्ता विचारेल. तो इंग्रजी अक्षरांत लागतो आणि त्याच्या शेवटी 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' येतं. छोटा आणि तोंडानं सांगता येईल असा निवडा. तो आधीच कुणी घेतला असेल तर दुसरा टाकून बघा.

५. लिहिणाऱ्याचं नाव विचारेल. तुमचं नाव लिहा. गटाचा ब्लॉग असेल तर गटाचं नाव लिहा. एका ब्लॉगवर अनेक जणींना लेखिका म्हणून जोडता येतं, त्यामुळे गटानं मिळून एकच ब्लॉग चालवला तरी प्रत्येकीचं नाव तिच्या पोस्टखाली येतं.

६. 'न्यू पोस्ट' दाबा. वरच्या ओळीत शीर्षक, खाली मजकूर. फोटो घालायला चित्राची खूण असते.

७. 'पब्लिश' दाबलं की पोस्ट सगळ्यांना दिसते. दाबेपर्यंत ती 'ड्राफ्ट' म्हणजे कच्चं पान असतं, ते फक्त तुम्हालाच दिसतं. म्हणून घाई करू नका. एक रात्र जाऊ द्या, सकाळी पुन्हा वाचा, मग दाबा. दाबल्यावर चूक दिसली तर दुरुस्तही करता येते.

टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डमध्ये मराठी भाषा घ्या आणि माइकची खूण दाबून बोला. बोलाल ते अक्षरात येतं. काही शब्द चुकतात. माझ्या मोबाइलनं नागलीचं 'नागरी' करून टाकलं होतं. म्हणून एकदा स्वतः वाचा, पूर्णविराम द्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचून दाखवायला सांगा. पाड्यावर रेंज नसेल तर आधी वहीत लिहा, रेंज मिळेल तिथं टाका.

पोस्ट झाली की तिचा पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवा. सगळा मजकूर पाठवू नका, पत्ताच पाठवा. म्हणजे वाचणारी तुमच्या दारात येईल.

माझी चूक

आता एक गोष्ट लाज वाटत असूनही सांगते, कारण तुम्ही ती करू नये.

कामाला लागले त्या पहिल्या वर्षी मी माझ्या ब्लॉगवर एका ताईंची यशोगाथा लिहिली. नवऱ्याचं व्यसन, घेतलेलं कर्ज, मग शिवणयंत्र, मग चार पैसे. मनापासून लिहिली. फोटोही लावला. पण त्यांना विचारलं नाही. मला वाटलं, चांगलंच तर लिहितेय. ती पोस्ट फिरत फिरत त्यांच्या गावात पोचली. घरात काय झालं असेल ते मी इथं लिहीत नाही. ताई दोन महिने बैठकीला आल्या नाहीत.

मी माफी मागायला गेले. त्यांनी चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "गोष्ट माझी होती ना? मला विचारलं असतं तर काय सांगायचं अन् काय नाही, ते मी सांगितलं असतं."

त्याच दिवशी मी ती पोस्ट काढली. पण जे आधीच फिरलं होतं, ते मला परत आणता आलं नाही. पापडाच्या कृतीखाली दुसऱ्याचं नाव लागलं तेव्हा त्या ताईंना जे वाटलं, तेच मी दुसऱ्या एका ताईंना दिलं होतं. म्हणून नियम एकच : दुसरीची गोष्ट, दुसरीचा फोटो, दुसरीची कृती असेल तर लिहिण्याआधी विचारायचं आणि पब्लिश करण्याआधी तिला वाचून दाखवायचं. ती नको म्हणाली तर नको.

सावध राहा

ब्लॉगवर घराचा पूर्ण पत्ता, आधार, बँक खातं, लहान मुलींचे फोटो टाकू नका. ओटीपी कुणालाच देऊ नका.

'ब्लॉग लिहा, घरबसल्या हजारो कमवा' म्हणून कुणी फी मागितली तर देऊ नका. ब्लॉगवर जाहिराती लावता येतात हे खरं, पण वाचक खूप असतील तरच त्यातून पैसे येतात. सुरुवातीला फायदा वेगळाच होतो. गिऱ्हाइकाला तुमचं काम कळतं, तुमचं नाव कळतं. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

घरगुती औषधांबद्दल लिहिताना हात आवरा. पापड चुकला तर पीठ वाया जातं, औषध चुकलं तर माणूस जातो.

पोस्टखाली लोक काहीही लिहू शकतात. सेटिंगमध्ये अशी सोय आहे की तुम्ही आधी वाचून हो म्हटल्याशिवाय कुणाचं लिहिलेलं दिसत नाही. ती सुरू करा. वाईट लिहिणाऱ्याला उत्तर देत बसू नका, पुसून टाका.

पुढच्या बैठकीपर्यंतचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या. वर तारीख आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहा. मग या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा किंवा कुणाकडून तरी लिहून घ्या :

१. लोक मला काय विचारायला येतात?
२. ते काम मी कुणाकडून शिकले?
३. त्यात सगळे चुकतात कुठे, आणि ती चूक मी कशी टाळते?

दहा-बारा ओळी पुरेत. तीच तुमची पहिली पोस्ट. बैठकीला वही घेऊन या, हिशोब झाल्यावर आपण ती मोबाइलवर चढवू.

पापडवाल्या ताईंची पोस्ट झाली आहे. अकरा ओळींची आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी लिहिलं, "हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले," आणि सासूबाईंचं नाव पूर्ण लिहिलं. सासूबाई आता नाहीत. ताई म्हणाल्या, "त्यांचं नाव रेशनकार्ड सोडून कुठंच लिहिलेलं नव्हतं."

तुमच्या वह्यांची वाट बघते.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक