शरीफ

तुमच्या ओळखीत एखादा शरीफ असेलच. माझ्या वर्गात एक आहे. मराठीच्या वहीवर तो आपले नाव 'शरिफ' असे लिहितो आणि मी लाल शाईने 'रि'ची 'री' करतो. उर्दूत 'रे'नंतर 'ये' येतो, म्हणून मराठीत 'री' दीर्घ. एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही.

नावाचा अर्थ तुम्हांला ठाऊक आहे. शीन, रे, फे या अक्षरांपासून 'शरफ' म्हणजे मान, प्रतिष्ठा हा शब्द झाला. शरीफ म्हणजे प्रतिष्ठित, सज्जन. शराफत, अशरफ, मुशर्रफ ही त्याचीच भावंडे. पाहुण्यांना आपण 'तशरीफ रखिए' म्हणतो, त्यातही हाच मान आहे.

एके दिवशी तो मुलगा हिरमुसून म्हणाला, "सर, शेजारची मुले म्हणतात, तुझ्या नावाचा या मातीशी काय संबंध?"

मी त्याला जी हकीकत सांगितली, तीच तुम्हांला सांगतो. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, या शहराजवळ दर्गादायरा येथे हजरत शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजीराजे भोसले हे निजामशाहीतील सरदार. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पीराला नवस केला आणि पुढे दोन मुलगे झाले, असे परंपरेने सांगतात. थोरल्याचे नाव शहाजी ठेवले, धाकट्याचे शरीफजी. पीराचे एकच नाव दोघा भावांत वाटून दिले! शहाजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. तेव्हा शरीफजी हे महाराजांचे चुलते.

इ. स. १६२४ मध्ये नगर तालुक्यातील भातवडी येथे मोठी लढाई झाली. मलिक अंबरच्या निजामशाही फौजेने मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दोघे भाऊ निजामशाहीकडून लढले. शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले.

नाव मात्र राहिले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या तंजावरच्या घराण्यात सरफोजी नावाचे दोन राजे झाले. सरफोजी हे शरीफजी याच नावाचे रूप मानले जाते. दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले.

हे ऐकून त्या मुलाने एवढेच विचारले, "सर, भातवडी येथून किती लांब आहे?"

तुम्हीही घरी दादी-नानींना विचारा : माझे नाव कोणी ठेवले? कोणाच्या नावावरून ठेवले? उत्तर मराठीत पाच वाक्यांत लिहून आणा. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून!