काटा एकाचा, आजार दुसऱ्याचा

दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरवर नव्याने आलेल्या इंजिनिअरला मी एकच सांगतो. टेक लॉगमध्ये ज्या इंजिनाची तक्रार आहे, त्याच्याकडे पाना घेऊन लगेच धावू नकोस. पायलट खोटं लिहीत नाही, पण त्याला दिसतो तो फक्त दोन काट्यांमधला फरक. दोघांपैकी खोड कोणात आहे, हे काटे सांगत नाहीत.

हे मला शिकवलं ते बीओ १०५ने. पश्चिम जर्मनीत घडलेलं, फेब्रुवारी १९६७मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे हेलिकॉप्टर. त्याच्या पाठीवर ॲलिसन २५०-सी२०बी जातीची दोन टर्बाइन इंजिनं असतात, प्रत्येकी ४२० अश्वशक्तीची. एकेका इंजिनाचं वजन जेमतेम सत्तर किलो. आखाती किनाऱ्यावरच्या एका तळावर ही यंत्रं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. समुद्राचं मीठ आणि वाळवंटाची रेती, दोन्ही एकाच हवेतून इंजिनात जात.

तिथल्या एका हेलिकॉप्टरवर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, आला : ‘चढताना एक नंबरचा टॉर्क जास्त.’ टॉर्क म्हणजे इंजिन रोटर फिरवायला देत असलेला पीळ. आधीच्या शिफ्टने एक नंबरचा गव्हर्नर ट्रिम केला. फरक पडला नाही म्हणून गव्हर्नर बदलला, मग टॉर्कचा ट्रान्समीटरही बदलला. प्रत्येक वेळी जमिनीवर रन घेतला की काटे जुळायचे आणि वर गेलं की पुन्हा फाकायचे. स्टोअरमधले महागडे भाग संपत चालले होते, स्नॅग मात्र जिथल्या तिथे.

आता यातली मेख पाहा. दोन्ही इंजिनं एकाच गिअरबॉक्समधून एकच रोटर फिरवतात आणि रोटरचा वेग कायम राखणं हे गव्हर्नरचं काम. औताला जुंपलेल्या जोडीतला एक बैल अंग चोरू लागला, की ओढ दुसऱ्यावर येते. इथेही तसंच. दोन नंबर कमी पडलं की रोटर मंदावू लागतो, एक नंबरचा गव्हर्नर इंधन वाढवतो, आणि पायलटला दिसतं की एक नंबरचा टॉर्क वर गेलाय. म्हणजे तक्रार लिहिली जाते ती जास्त कष्ट करणाऱ्या, धडधाकट इंजिनाविरुद्ध.

मी पायलटला एवढीच विनंती केली, की पुढच्या उड्डाणात काटे फाकले की तेव्हाचे टॉर्क, एन-वन (कॉम्प्रेसरचा वेग) आणि टर्बाइनचं तापमान असे तिन्ही आकडे दोन्ही इंजिनांसाठी लिहून आणा. सोबत उंची आणि बाहेरचं तापमानही. आकडे आले. एक नंबरचे तिन्ही चढे होते, पण एकमेकांशी प्रमाणात. तेवढ्या टॉर्कला तेवढंच तापमान हवं, असं मॅन्युअलमधला तक्ताही सांगत होता. दोन नंबरचे तिन्ही उतरलेले, तेही प्रमाणात. म्हणजे दोन नंबरही आजारी नव्हतं, त्याला पुरेसं इंधनच मिळत नव्हतं.

या इंजिनाचा इंधन-नियंत्रक आणि गव्हर्नर हवेच्या दाबावर चालतात. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा बारीक नळ्यांमधून त्यांच्यापर्यंत जाते, आणि त्या दाबावरून इंधन किती सोडायचं ते ठरतं. वाटेत दाब निसटला, की नियंत्रकाला वाटतं कॉम्प्रेसर कमी हवा देतोय, आणि तो इंधन आखडतो. आम्ही मॅन्युअलप्रमाणे त्या नळ्यांना दाब देऊन साबणाचं पाणी लावलं. एका नळीच्या टोकाशी, नटाच्या आतल्या बाजूला, फुगे आले. नट घट्ट होता, त्यावरची रंगाची खूणरेघही जागच्या जागी होती. म्हणूनच रोजच्या तपासणीत तो जोड बिनचूक ठरत होता. नळीच्या पसरलेल्या कडेला केसाएवढी चीर होती. नळीला आधार देणाऱ्या क्लॅम्पचं रबर झिजलेलं, त्यामुळे जोर वाढला की नळी थरथरायची आणि चीर उघडायची. जमिनीवर तेवढा जोर लागत नसल्याने ती मिटलेली असायची. तीच चीर समुद्रावर पूर्ण फाटली असती, तर दोन नंबर आयडलकडे घसरलं असतं.

काटे फाकले, तर माझा क्रम आजही हाच असतो.

आधी काट्याचीच परीक्षा. टॉर्क वेगळा, पण एन-वन आणि तापमान दोन्ही इंजिनांचं सारखं असेल, तर संशय मापकावर घ्या. दोन्ही बाजूंचे ट्रान्समीटर आपापसात बदलून पाहा. फरक दुसऱ्या बाजूला गेला, तर इंजिनाला हात लावायची गरज नाही. या इंजिनात टॉर्क मोजला जातो तो तेलाच्या दाबावरून, हेही लक्षात असू द्या. टॉर्क चुकतोय आणि त्याच इंजिनाचा तेलाचा दाबही डळमळतोय, तर सुरुवात तेलापासून करा.

टॉर्क, एन-वन आणि तापमान असे तिन्ही आकडे एकत्र खाली असतील, तर इंजिनाला काम कमी सांगितलं जातंय. मग ट्रिम, गव्हर्नर, हवेच्या नळ्या, त्यातलं फिल्टर, पायलटच्या कलेक्टिव्ह लिव्हरपासून येणारे दांडे हे सगळं तपासा. कलेक्टिव्ह वर नेताना एक फरक आणि खाली आणताना वेगळा फरक दिसला, तर दांड्यांच्या सांध्यांतला ढिलेपणा आधी बघा. हा ढिलेपणा बोटांना कळतो.

टॉर्क तेवढाच, पण त्यासाठी तापमान आणि एन-वन जास्त लागत असेल, तर इंजिनच थकलंय. ब्लीड व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, अँटी-आयसिंगचा व्हॉल्व्ह गळत असेल, किंवा कॉम्प्रेसर मळला असेल. सी२०बीच्या कॉम्प्रेसरच्या आवरणाला आतून प्लास्टिकचा थर असतो. रेतीने तो खरवडला, की पात्यांच्या टोकांशी फट वाढते आणि धुऊनही गेलेली ताकद परत येत नाही. मिठाचं तसं नाही. समुद्रावरून परतलेलं इंजिन त्याच दिवशी शुद्ध पाण्याने धुवायचं आणि लगेच चालवून सुकवायचं. मुंबईत जुहू विमानतळावरच्या खाऱ्या हवेत काम शिकलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन भाग एकदम बदलून स्नॅग गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला तर सुरुवात शून्यापासून.

या सगळ्याच्या मुळाशी एकच शिस्त आहे. प्रत्येक इंजिनाची तुलना तक्त्याशी करा, शेजारच्या इंजिनाशी नंतर. पॉवर चेक ठरल्या वेळी घ्या आणि आकड्यांची वही ठेवा. दोन्ही इंजिनं सारख्याच रेतीत सारखीच झिजली, तर काटे अगदी जुळलेले राहतील आणि एकटं इंजिन सांभाळण्याची वेळ येईल तेव्हाच ताकद कमी पडल्याचं कळेल.

काही गोष्टी तर दोन्ही इंजिनांना सामाईक असतात. बीओ १०५च्याच घराण्यातल्या ईसी १३५चं उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबर २०१३च्या रात्री ग्लासगोमध्ये पोलिसांचं असं हेलिकॉप्टर एका पबच्या छपरावर कोसळलं आणि १० जण गेले. ब्रिटनच्या अपघात तपास शाखेने २०१५मध्ये अहवाल दिला. दोन्ही इंजिनांत यांत्रिक दोष सापडला नाही. हेलिकॉप्टरमध्ये ७६ किलो इंधन शिल्लक होतं, पण जवळपास सगळं मुख्य टाकीत. तिथून इंजिनांच्या छोट्या टाक्यांकडे इंधन पाठवणारे ट्रान्सफर पंप बंद स्थितीत होते. त्या दोन टाक्यांचा आकार मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो. हेतू असा, की एक इंजिन आधी थांबलं तरी दुसऱ्यावर काही मिनिटं मिळावीत. त्या रात्री मधे मिळाले जेमतेम ३२ सेकंद. इंधन कमी असल्याचे इशारे वारंवार आले होते, आणि पायलटने ते पाहिल्याची नोंदही यंत्रात होती. पंप बंद का राहिले, याचं उत्तर तपासाला मिळालं नाही.

म्हणून इंधनाचे पंप, त्यांचे स्विच, टाक्यांचे सेन्सर आणि इशाऱ्याचे दिवे यांवरचा बारीकसा स्नॅगही ‘पुढच्या इन्स्पेक्शनला बघू’ म्हणून ढकलू नये. दुसरं इंजिन तिथे मदतीला येत नाही.

पायलटमंडळींनाही एक सांगणं आहे. लॉगमध्ये ‘एक नंबर जास्त’ लिहून थांबू नका. कुठल्या उंचीला, कलेक्टिव्ह वर जाताना की स्थिर असताना, आणि तेव्हा दोन्ही इंजिनांचे तिन्ही आकडे काय होते, तेवढं लिहा. अर्ध्या मिनिटाच्या त्या नोंदीने हँगरमधली कित्येक तासांची उलथापालथ वाचते, आणि चांगल्या इंजिनाचा गव्हर्नर काढण्याची वेळ कोणावर येत नाही.