कडबा किती दिवस पुरेल?

मार्च महिन्यात बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात गेलात, तर घरामागे किंवा शेताच्या कडेला कडब्याच्या गंजी दिसतात. रब्बी ज्वारी निघालेली असते, कणसे खुडून झालेली असतात आणि वाळलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधून त्यांची गंज रचलेली असते. घरातला कर्ता माणूस त्या गंजीकडे पाहतो आणि मनाशी एक हिशेब मांडतो : हा कडबा पाऊस पडेपर्यंत पुरेल का?

हा हिशेब साधा वाटला तरी त्यावर पुष्कळ अवलंबून असते. कडबा पुरला तर बैल दावणीला राहतात. संपला तर चढ्या भावाने पेंढ्या विकत घ्याव्या लागतात, नाहीतर पडत्या भावाने जनावर बाजारात न्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात काय झाले ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा. २०१३ आणि २०१९ साली याच जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि अनेक कुटुंबे जनावरांबरोबर महिनोन् महिने छावणीत राहिली, ते तर अलीकडचेच.

पाऊस आपल्या हातात नाही. परंतु गंजीतला कडबा जनावराच्या पोटात किती जातो आणि पायाखाली किती जातो, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. आणि तेथे आपल्याला पदार्थविज्ञानाची मदत होते. कशी, ते आज पाहू.

चघळ कशी तयार होते?

बैलापुढे अखखी पेंढी सोडली की तो काय करतो, हे एकदा शांतपणे उभे राहून पाहा. तो प्रथम पाने शोधतो. पाने मऊ असतात, चावायला सोपी असतात आणि त्यांत पोषणही जास्त असते. मग तो धाटाचा वरचा, कोवळा भाग खातो. बुडखा मात्र जाड, टणक आणि लाकडासारखा असतो. तो बाजूला पडतो. लांब धाट तोंडात धरून बैल मानेला झटका देतो, त्यासरशी निम्मी धाटे गव्हाणीबाहेर पडतात. ती पायाखाली तुडवली जातात, त्यांवर शेण आणि मूत्र पडते, आणि एकदा वास लागला की भुकेलेले जनावरही त्यांना तोंड लावत नाही. सकाळी गोठा झाडताना जी रास निघते तिलाच आपण चघळ म्हणतो.

म्हणजे नासाडीची कारणे दोन झाली. पहिले, जनावराला निवड करता येते. दुसरे, लांब धाट ओढता व फेकता येते. धाटाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले तर दोन्ही गोष्टी अवघड होतात. पाने आणि बुडखे एकत्र मिसळतात, आणि एवढासा तुकडा ओढून फेकता येत नाही. यालाच आपण कुट्टी म्हणतो. कुट्टीबरोबर गव्हाणीला पुढून पुरेशी उंच कड आणि खालून पक्का तळ असेल, तर सांडलवंड आणखी कमी होते.

आता आकडे मांडू. समजा, एका घरी दोन बैल व एक गाय आहे आणि १ मार्चला गंजीत ३६०० किलो कडबा आहे. तिन्ही जनावरांना मिळून रोज ३६ किलो कडबा अखखा टाकला, त्यातला २४ किलो खाल्ला गेला आणि १२ किलो चघळ झाली. ३६०० भागिले ३६ म्हणजे १०० दिवस. गंज ८ जूनला संपेल. आता कुट्टी करून नीट गव्हाणीत टाकली आणि चघळ ३ किलोवर आली असे धरा. जनावरांच्या पोटात तेवढेच २४ किलो जाण्यासाठी रोज २७ किलो पुरेल. ३६०० भागिले २७ म्हणजे १३३ दिवस. गंज ११ जुलैपर्यंत चालेल.

या दोन तारखांमध्ये काय आहे? ८ जूनला मृग नुकता निघालेला असतो. पाऊस वेळेवर आला तरी बांधावरचे गवत जनावराच्या तोंडाला लागायला आणखी काही आठवडे जातात. पेरणीही याच दिवसांत असते, म्हणजे बैलांना सर्वांत जास्त काम याच वेळी. वाचलेले ३३ दिवस नेमके येथे उपयोगी पडतात. येथे घेतलेले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या घरचे आकडे कसे काढायचे ते शेवटी सांगितले आहे.

अडकित्ता, विळी आणि कुट्टीचे चाक

‘हे सगळे खरे, पण रोज २७ किलो कडबा तोडायचा कुणी?’ असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. कोयत्याने कडबा तोडणे हे कंबर मोडणारे काम आहे, आणि पुष्कळ घरांत ते बायका-मुलांच्याच वाट्याला येते. तोडण्याला लागणारे कार्य टाळता येत नाही. पण ते कार्य सोपे करून घेता येते. त्यासाठी तीन युक्त्या आहेत, आणि तिन्ही तुमच्या घरातच आहेत.

पहिली युक्ती अडकित्त्याची. सुपारी बोटांनी फुटत नाही, पण अडकित्त्यात सहज फुटते. कारण सुपारी टेकूच्या जवळ असते आणि आपला हात टेकूपासून लांब असतो. ही तरफ झाली. कुट्टी यंत्राच्या चाकालाही हाच नियम लागू पडतो. मूठ आसापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि पाते सरासरी २० सेंटिमीटरवर कापत असेल, तर घर्षण सोडून दिल्यास हाताने लावलेल्या बलाच्या तिप्पट बल पात्यावर मिळते. अर्थात हाताला अंतरही तिप्पट कापावे लागते. निसर्ग फुकट काही देत नाही!

दुसरी युक्ती विळीची. विळीवर भाजी चिरताना आपण ती पात्यावर सरळ दाबत नाही, पात्यावरून सरकवत नेतो. विळीचे पातेही वाकडे असते. कुट्टी यंत्राचे पाते मुद्दाम तसेच वक्र केलेले असते. ते कडब्याच्या सगळ्या धाटांवर एकदम पडले असते, तर दहा धाटांसाठी दहापट बल लागले असते. पाते वक्र व तिरपे असल्यामुळे कापणे एका टोकाकडून सुरू होते आणि दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. कोणत्याही क्षणी दोन-तीन धाटेच पात्याखाली असतात. एकूण कार्य जवळपास तेवढेच राहते, पण एका वेळी लागणारे बल कमी होते.

तिसरी युक्ती त्या जड चाकाची. कुट्टी यंत्राचे चाक एवढे वजनदार का करतात, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? हलके केले असते तर फिरवायला सोपे गेले नसते का? येथेच खरी गंमत आहे.

माणूस बराच वेळ काम करत असेल तर त्याची शक्ती साधारण ७५ वॅट असते, म्हणजे सुमारे एकदशांश अश्वशक्ती. समजा चाक मिनिटाला ४५ फेरे घेते आणि त्यावर दोन पाती आहेत. मग मिनिटाला ९० काप, म्हणजे सेकंदाला दीड काप होतो. ७५ भागिले दीड, म्हणजे प्रत्येक कापासाठी ५० जूल ऊर्जा उपलब्ध झाली. परंतु पाते कडब्यात असते ते क्षणभरच. तो काळ एकदशांश सेकंद धरला, तर त्या क्षणी ५०० वॅट शक्ती लागते. एवढी शक्ती हात कुठून देणार?

ती चाक देते. चाकाच्या कडेचे वस्तुमान ४० किलो आणि त्रिज्या ०.६ मीटर धरा. परीघ ३.७७ मीटर झाला. सेकंदाला पाऊण फेरा, म्हणून कडेचा वेग सुमारे २.८ मीटर प्रतिसेकंद. गतिज ऊर्जा काढण्याचे सूत्र तुम्हांला माहीत आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. उत्तर येते सुमारे १६० जूल. पाते कडब्यात शिरले की चाक यातले ५० जूल देऊन टाकते आणि किंचित मंदावते. दोन कापांच्या मधल्या वेळात आपला हात ते ५० जूल भरून काढतो. रोज थोडे थोडे धान्य कणगीत टाकावे आणि पाहुणे आले की एकदम काढावे, तसेच हे. अशा चाकाला प्रचक्र म्हणतात, इंग्रजी नाव फ्लायव्हील. चाक हलके असते तर पहिल्याच कापाला ते अडकून बसले असते.

पात्याला धार नसेल तर या तिन्ही युक्त्या वाया जातात, कारण बोथट कडेखाली तेच बल जास्त क्षेत्रफळावर पसरते आणि दाब कमी पडतो. आपल्याकडे ज्वारी अनेकदा मुळासकट उपटतात. धसकटाला चिकटलेल्या मातीतले गारेचे कण पोलादालाही ओरखडतात. म्हणून धसकटे आधी झाडून किंवा तोडून टाकावीत, मगच पेंढी यंत्रात घालावी.

बैलाची निवड आपल्याकडे आली

मित्रांनो, एक गोष्ट मात्र विसरू नका. कुट्टी केल्याने कडब्यातले पोषण वाढत नाही. शिवाय पाने निवडणारा बैल मूर्ख नव्हता. त्याला चांगले काय ते कळत होते. कुट्टी करून आपण त्याची निवड काढून घेतो, म्हणून निवडण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

पोटात बुडखे जास्त जाऊ लागले तर जोडीला पेंड, मीठ आणि मिळेल तेवढा हिरवा चारा हवा. बुरशी लागलेली पेंढी जनावर एरवी टाळू शकले असते. कुट्टीत मिसळली तर त्याला ती टाळता येत नाही, म्हणून ती आपणच बाजूला काढावी. सर्वांत वाईट म्हणजे तार. पेंढीत अडकलेल्या तारेचे किंवा खिळ्याचे तुकडे कुट्टीबरोबर पोटात गेले, तर ते जठराच्या भिंतीला टोचतात आणि तेथून हृदयापर्यंतही पोचू शकतात. पेंढी यंत्रात घालण्यापूर्वी हाताने मोकळी करून पाहावी, आणि तयार कुट्टीतून जुन्या लाउडस्पीकरचे चुंबक फिरवावे. काय चिकटते ते पाहून तुम्हांला आश्चर्य वाटेल.

कुट्टी फार बारीकही करू नये. गाय-बैल रवंथ करतात. धाग्यांची पुरेशी लांबी असेल तरच रवंथ नीट होतो, लाळ सुटते आणि पोटातली आम्लता आटोक्यात राहते. घोडा रवंथ करत नाही, तो एकदाच चावून गिळतो. घाईने गिळलेली कोरडी, बारीक कुट्टी त्याच्या घशात अडकण्याची भीती असते. म्हणून घोड्याला कुट्टी द्यायचीच तर पाण्याचा हबका मारून द्यावी आणि बरोबर लांब गवतही ठेवावे.

चाक थांबले का?

माझ्या लहानपणी आमच्या घरी हाताचे कुट्टी यंत्र होते. बहीण कडबा सारायची आणि मी चाक फिरवायचो. आजोबांचा नियम एकच होता : चाकाला खिट्टी घातल्याशिवाय पात्याजवळ हात न्यायचा नाही. एकदा अडकलेले धाट काढायला बहिणीने हात पुढे केला. मी मूठ सोडून दिली होती, म्हणून आम्हांला वाटले की यंत्र थांबले. चाक मात्र अजून फिरत होते. आजोबांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढले. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. त्या नियमाचे कारण मला कळले ते पुढे, प्रचक्र शिकताना.

आज पुष्कळ घरी मोटारीचे यंत्र आले आहे. कष्ट वाचले, पण आकडे पाहा. तेच चाक मिनिटाला ४५ ऐवजी २२५ फेरे घेऊ लागले, तर वेग पाचपट होतो आणि ऊर्जा पंचवीसपट, म्हणजे ४००० जूल. ४० किलोचा दगड १० मीटर उंचीवरून खाली पडताना त्याच्यात जवळजवळ एवढीच ऊर्जा येते. बटण बंद केले की वीज थांबते, पण ही ऊर्जा चाकात शिल्लक असते. कडबा आत ओढणारे रूळ हात आणि कडबा यांत फरक करत नाहीत. म्हणून बाही सैल नको, पदर आणि ओढणी खोचलेली हवी, शेवटची मूठभर धाटे हाताने न सारता दुसऱ्या पेंढीने सारावीत, आणि चाक पूर्ण थांबून खिट्टी बसेपर्यंत पात्याकडे जाऊ नये. लहान भावंडांना तर यंत्राजवळ फिरकूही देऊ नये.

करून पाहा

स्प्रिंगचा काटा आणि एक पोते घ्या. सात दिवस जनावरांपुढे टाकलेला कडबा रोज तोलून लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालेली चघळ शेण झटकून, उन्हात वाळवून तोला. पुढचे सात दिवस कुट्टी द्या आणि पुन्हा तसेच तोला. शेवटी गंजीतल्या पेंढ्या मोजा, दहा पेंढ्या तोलून एका पेंढीचे सरासरी वजन काढा, आणि तुमची गंज कोणत्या तारखेपर्यंत पुरेल ते दोन्ही प्रकारे ठरवा.

त्या दोन तारखा वहीत लिहा आणि घरी वडिलांना दाखवा. मनाशी मांडलेला त्यांचा हिशेब आणि तुमचा कागदावरचा हिशेब किती जुळतो, ते दोघांनी मिळून पाहा.